शरदातली बाग: फुलं बघून नव्हे, घड्याळ बघून झाडं निवडा

गेल्या वेळी पावसाळ्यातल्या कुंड्यांबद्दल बोललो, तेव्हा शेवटी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता. पाऊस गेला की बाग एकदम मरगळते, गणपतीपर्यंत हिरवीगार असते आणि दसऱ्याला बघवत नाही, तर या दिवसांत रंग दिसावा म्हणून काय लावावं? त्यातही अनेकांचं म्हणणं असं, की दरवर्षी नवीन रोपं आणायचा आता कंटाळा आलाय. एकदा लावलं की चार-पाच वर्षं राहील असं काहीतरी सांगा. म्हणून आज आपण शरद ऋतूतल्या बहुवर्षायू झाडांकडे बघणार आहोत.

आधी थोडं ठिकाणाचं सांगतो, कारण बागकामाचा कुठलाही सल्ला ठिकाण सोडून देता येत नाही. आम्ही बोलतोय ते पुणे, सातारा, नाशिक असा घाटाच्या पूर्वेकडचा भाग डोळ्यांसमोर ठेवून. आश्विन आणि कार्तिक हे इथले शरदाचे महिने. युरोप-अमेरिकेत शरद म्हटला की पानं लाल-पिवळी होऊन गळतात. आपल्याकडे बहुतेक झाडांची पानगळ पुढे शिशिरात, काहींची तर वसंताच्या तोंडावर होते. आपल्या शरदात काय असतं? परतीचा पाऊस, मग निरभ्र आकाश, दुपारी ज्याला सगळे 'ऑक्टोबर हीट' म्हणतात ते भाजणारं ऊन, आणि पहाटे हलका गारवा. जमिनीत ओल अजून असते, पण वरची माती भराभर सुकते. या हवेत जे खुशीत फुलतं, ते आपलं शरदाचं झाड.

आता 'बहुवर्षायू' म्हणजे काय, हेही दोन वाक्यांत. झेंडू, तेरडा, कॉसमॉस ही हंगामी. बीपासून सुरुवात, फूल, पुन्हा बी, आणि खेळ खलास. 'तेरड्याचा रंग तीन दिवस' ही म्हण आपल्याकडे उगाच नाही आली. बहुवर्षायू झाड मात्र फुलून गेल्यावर मरत नाही. ते एकतर झुडूप म्हणून उभं राहतं, किंवा वरून वाळून जमिनीखाली कंदाच्या, मुळाच्या रूपात थांबतं आणि पुढच्या वर्षी परत येतं. झेंडूवर आमचा राग नाही, दसऱ्याला झेंडू हवाच. पण त्याच्या जोरावर बाग उभी करायची तर दर ज्येष्ठ-आषाढात नव्यानं पेरणी आली.

बहुतेक जण शरदाची झाडं कशी निवडतात? दसऱ्याच्या आधी नर्सरीत जातात. तिथे कळ्यांनी लगडलेल्या कुंड्या मांडलेल्या असतात. जी डोळ्यांत भरेल ती उचलतात. दिवाळी होते, फुलं सुकतात, कुंडी गच्चीच्या कोपऱ्यात जाते आणि होळीपर्यंत कचऱ्यात. दर वर्षी हेच. आमचं सांगणं असं आहे, की झाड फुललेलं बघून घेण्याऐवजी ते फुलायचं कसं ठरवतं हे समजून घेऊन निवडावं. प्रत्येक झाडाकडे वेळ ओळखायची आपली एक रीत असते. काही झाडं रात्र मोजतात, काही पावसाचा हिशोब ठेवतात. काही कसलाच हिशोब ठेवत नाहीत, ऊन आणि पाणी मिळालं की फुलतात.

रात्र मोजणाऱ्यांमध्ये आपल्या ओळखीची, आणि शरदाची खरी राणी म्हणजे शेवंती. तिच्यावर जरा जास्त वेळ घालवणार आहोत, कारण ती कळली की बाकीचं निम्मं आपोआप कळतं.

झाडं दिवस-रात्रीच्या लांबीवरून ऋतू ओळखतात हे शास्त्रज्ञांनी नीट मांडलं ते १९२० मध्ये. अमेरिकेच्या कृषी खात्यात गार्नर आणि अलार्ड नावाचे दोन संशोधक होते. त्यांच्यासमोर तंबाखूची एक जात होती, मेरीलँड मॅमथ. उन्हाळ्यात शेतात ती नुसती वाढत सुटायची, माणसाच्या डोक्यावर जायची, पण फुलायची नाही. तीच हिवाळ्यात काचघरात लावली की लहानपणीच फुलायची. दुसरीकडे सोयाबीनची एक जात होती. ती वेगवेगळ्या तारखांना पेरली तरी सगळी रोपं साधारण एकाच वेळी फुलायची, म्हणजे उशिरा पेरलेली रोपं वयानं लहान असली तरी. खत, उष्णता, पाणी असं सगळं तपासून झाल्यावर त्यांनी रोपं दुपारनंतर अंधाऱ्या खोलीत ढकलायला सुरुवात केली. ऐन उन्हाळ्यात, पण दिवस कृत्रिमरीत्या छोटा केला. आणि झाडं फुलली.

पुढच्या वीसेक वर्षांत आणखी एक गंमत कळली. झाड खरं तर दिवस मोजत नाही, रात्र मोजतं. लांब रात्रीच्या मध्येच थोडा वेळ दिवा लावला, की झाडाच्या लेखी ती एक लांब रात्र उरत नाही, दोन छोट्या रात्री होतात. मग फूल येत नाही. काही झाडांना तर मिनिटभराचा उजेडही पुरतो. शेवंतीला त्याहून जास्त लागतो, पण तत्त्व तेच. पानांमध्ये फायटोक्रोम नावाचं एक रंगद्रव्य असतं, ते हा उजेड-अंधार टिपतं. फुलांची शेती करणारे याचा पुरेपूर फायदा घेतात. हरितगृहात रात्री दिवे लावून शेवंतीचं फुलणं लांबवतात, काळं कापड ओढून ते अलीकडे आणतात. म्हणूनच बाजारात बाराही महिने शेवंती दिसते.

आता पुण्याचा हिशोब बघा. लंडनमध्ये जूनचा दिवस साडेसोळा तासांचा आणि डिसेंबरचा आठ तासांच्याही आतला. पुण्यात जूनमध्ये सुमारे सव्वातेरा तास आणि डिसेंबरमध्ये सुमारे अकरा. म्हणजे वर्षभरातला फरक सव्वादोन तासांचा. आपल्याला तो जाणवतसुद्धा नाही, आपण 'लवकर अंधारायला लागलं' एवढंच म्हणतो. शेवंतीला मात्र तो बरोबर कळतो. २२-२३ सप्टेंबरला दिवस-रात्र जवळजवळ सारखे होतात, त्यानंतर रात्र मोठी. त्याच्या मागे-पुढे कळ्या धरायला लागतात आणि दिवाळीच्या आसपास पहिली फुलं उमलतात. जातीप्रमाणे थोडं मागे-पुढे होतं. उष्मा फार असला तर कळ्या रेंगाळतात, हेही लक्षात ठेवा.

इथे शहरातल्या लोकांसाठी एक फार महत्त्वाची गोष्ट आहे. आमच्या सोसायटीत कुंपणाच्या कडेनं शेवंतीची एक लांब रांग आहे. सगळ्या कुंड्यांतली माती सारखी, खत सारखं, रोपं एकाच आईच्या काश्यांपासून केलेली. तरी रांगेतल्या फाटकाजवळच्या पाच-सहा कुंड्या डिसेंबर आला तरी हिरव्याच राहायच्या. उंच, तजेलदार आणि बिनफुलांच्या. खत कमी पडलं, जास्त झालं, कुणाची नजर लागली, सगळं बोलून झालं. कारण होतं फाटकावरचा पांढरा एलईडी दिवा. तो रात्रभर चालू असतो. त्या कुंड्यांच्या दृष्टीनं शरद आलाच नव्हता.

मग दिवा बंद करायचा का? यावर बैठकीत चांगलीच वादावादी झाली. आमच्यातल्या काहींना फुलं प्रिय, तर रात्रपाळीहून परतणाऱ्या मुलींना आणि पहाटे फिरायला निघणाऱ्या आजोबांना उजेड हवा. आमच्या मते यात निवड करायची वेळ यायलाच नको. माणसाला दिवा लागतो तो जमिनीवर आणि पायाखाली. आम्ही दिव्याला वरून टोपी बसवून घेतली, त्यामुळे उजेड रस्त्यावरच पडतो, आणि त्या सहा कुंड्या मागच्या बाजूला नेल्या. त्यांच्या जागी अबोली ठेवली, तिला रात्रीच्या दिव्याचं काही पडलेलं नाही. घरच्या घरी करायची चाचणी सांगतो. रात्री कुंडीपाशी उभं राहून वर्तमानपत्राच्या बातमीचा मजकूर वाचता आला, तर तिथे शेवंती ठेवू नका. ही काही शास्त्रीय मोजणी नाही, आमचा ठोकताळा आहे, पण उपयोगी पडतो. हाच नियम पॉइनसेटियालाही लागू. त्याची ती लाल पानं रंगायला लांब आणि अखंड रात्रच लागते. बाल्कनीतला दिवा रात्री अकरापर्यंत जळत असेल, तर नाताळ येईल आणि जाईल, पॉइनसेटिया हिरवाच राहील.

बरं, शेवंतीचं वर्षाचं वेळापत्रक. फुलं संपली की, म्हणजे साधारण माघ-फाल्गुनात, झाड जमिनीपासून वीतभर ठेवून छाटायचं. फेकायचं नाही! बुडाशी नवे फुटवे येतात, त्यांना आपल्याकडे काश्या म्हणतात. एप्रिल-मेमध्ये या काश्या मुळांसकट अलग करून नव्या मातीत लावायच्या. जुनं, खोडकं झालेलं झाड तसंच ठेवलं तर ते जगतं, पण फुलं दरवर्षी बारीक होत जातात. बहुवर्षायू म्हणजे हात न लावता कायम टिकणारं, असा अर्थ घेऊ नका. शेवंतीचं आयुष्य काश्यांमधून पुढे जातं.

रोप रुजून महिनाभर झाला की शेंडा खुडायचा. एका शेंड्याचे तीन-चार फुटवे होतात. ते वाढले की पुन्हा खुडायचे. शेवटची खुडणी कधी? आम्ही १५ ऑगस्ट धरतो, लक्षात ठेवायला सोपा. त्यानंतर खुडलं तर कळ्या धरणारे शेंडेच आपण काढून टाकतो. अमेरिकेत शेवंती लावणारे हीच तारीख ४ जुलै धरतात, त्यांचा स्वातंत्र्यदिन! तिथे थंडी लवकर येते, म्हणून ते दीड महिना आधी थांबतात. दोन्ही देशांच्या स्वातंत्र्यदिनाचा शेवंतीला असा उपयोग होतो.

जातींबद्दल विचाराल तर दुकानातल्या मोठ्या, गोळ्यासारख्या फुलांच्या मोहात पडू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. झिप्री, राजा ही आपल्याकडे शेतकऱ्यांच्या शेतात वर्षानुवर्षं तावूनसुलाखून निघालेली नावं आहेत. छोटी फुलं, पण झाडभर. परतीच्या पावसाची एखादी सर आली तर मोठं फूल पाणी धरून मान टाकतं, छोटं झटकून मोकळं होतं. आणि नर्सरीतून आणलेली बुटकी, गोल शेवंती दुसऱ्या वर्षी लांबुडकी झाली तर घाबरू नका. कुंडीतली रोपं आटोपशीर राहावीत म्हणून त्यांना अनेकदा वाढ रोखणारी द्रव्यं दिलेली असतात. त्यांचा असर ओसरला की झाड आपल्या मूळ उंचीला जातं. त्याला काठीचा आधार द्या, झालं.

शेवंती मरते ती बहुतेक वेळा थंडीत किंवा उन्हात नाही, श्रावणात. पाणी साचून मुळं कुजतात. म्हणून मातीत एक भाग तरी वाळू किंवा विटांचा चुरा हवा, आणि जोराच्या पावसात कुंडी पागोळीखाली नको. निचरा चांगला असेल तर बाकी शेवंती फारशी लाडावलेली नाही.

आता रात्रीचा हिशोब बाजूला ठेवून पावसाच्या हिशोबानं चालणाऱ्यांकडे येऊ. यातली बरीच मंडळी कंदवाली. उन्हाळ्यात जमिनीवर त्यांचा मागमूस नसतो किंवा ती जेमतेम तग धरून असतात. पहिल्या पावसाबरोबर उठतात, दोन-तीन महिने पानं वाढवतात आणि पाऊस ओसरताना फुलतात. सोनटक्का त्यातला सगळ्यांचा लाडका. आल्या-हळदीच्या कुळातला आहे, त्याचा कंद हातात घेतला की लगेच पटतं. फूल पांढरं, संध्याकाळी उमलतं, आणि वास असा की शेजारचे विचारायला येतात. 'रंगीत बागेत पांढरं कशाला?' असं कुणी म्हणेल. आमचं उत्तर असं, की ऑक्टोबरमध्ये आपण बागेत बसतो ते सूर्य बुडाल्यावर, दुपारी बसवतंच नाही. अंधार पडताना लाल रंग सगळ्यात आधी काळवंडतो, पांढरा शेवटपर्यंत दिसत राहतो. फक्त सोनटक्क्याला पाणी भरपूर लागतं. पाऊस गेला म्हणून त्याच्या पायाशी कोरडं पडू दिलं, तर कळ्या उघडायच्या आधीच करपतात. नळाच्या, मोरीच्या बाजूची ओलसर, अर्धी सावलीची जागा त्याला द्या.

कर्दळही याच गटातली, पण तिच्याबद्दल फार सांगायची गरज नाही. लाल, पिवळी, केशरी, हवी ती घ्या. फुललेला दांडा बुडापासून कापत राहा, नवा येत राहतो.

कळलावी मात्र विचारपूर्वक लावायची. तिच्या पानांची टोकं तणाव्यासारखी वळतात आणि ती आधार धरून वर चढते. पाकळ्या आधी हिरवट-पिवळ्या, मग खालून पिवळ्या नि वर लाल, शेवटी पूर्ण लाल, अशी रंग बदलत जाते. अग्निशिखा हे नाव अगदी शोभतं. कोकणात गौरीच्या सणाला तिची फुलं वापरतात. सह्याद्रीच्या रानात, कुंपणांच्या कडेनं ती आपसूक येते. पण तिच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन नावाचं जबर विष असतं. घरात लहान मूल असेल, कुत्रं उकरणारं असेल, तर कळलावी रानातच बघावी. शिवाय रानातून कंद उपटून आणू नये, हे वेगळं सांगायला नको.

तिसरा गट आपल्या मातीतला आहे, आणि आम्हाला वाटतं की शहरातल्या बागांनी त्याच्याकडे फारच दुर्लक्ष केलंय. कोरांटी! आजोळी कुंपणाला असायची, म्हणून आपण तिला गावंढळ ठरवलं. पिवळी कोरांटी काटेरी असते, तिलाच वज्रदंती म्हणतात. जांभळी, पांढरी आणि जांभळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची कोरांटी बिनकाट्याची. पाऊस संपताना फुलायला लागते ती थंडीत बराच काळ फुलत राहते. पाणी बेतानं, खत नावापुरतं. पावसाळ्यात फांदी खोचली की लागते. फुलं संपल्यावर अर्ध्यावर छाटली की पुढच्या वर्षी घेरदार होते. एखाद्या झाडाकडून माणसानं आणखी काय मागावं? या कुळातल्या झाडांवर चॉकलेट पॅन्सीसारखी फुलपाखरं अंडी घालतात. त्यामुळे पानांना भोकं पडलेली दिसली तर लगेच फवारणीचा पंप काढू नका.

अबोलीही कोरांटीच्याच कुळातली. तिची वाळलेली शेंग ओली झाली की टपकन फुटते आणि बी लांब उडतं. लहान मुलांना हा खेळ जरूर दाखवा. अबोली तशी वर्षाचा बराच काळ फुलते, पण पावसानंतरच्या या दिवसांत तिचा केशरी रंग विशेष उठून दिसतो. तिला आणि सदाफुलीला घड्याळच नाही म्हटलं तरी चालेल. मघाशी म्हटलं तशी, दिव्याखालच्या जागांसाठी ही झाडं राखून ठेवायची. सदाफुली मुळची मादागास्करची, तिच्यापासून कर्करोगावरची औषधं मिळतात हे तुम्हाला माहीत असेलच. म्हणून कुणी घरी तिच्या पानांचा काढा करू नये, ती विषारी आहे.

जागा मोठी असेल, बंगल्याचं आवार किंवा शेतघर, तर तरवड लावा. पिवळ्याधमक फुलांचं झुडूप, दख्खनच्या कोरड्या माळावर आपोआप वाढणारं. त्याची साल पूर्वीपासून कातडी कमावायला वापरतात. आपण त्याला माळावरचं झुडूप म्हणून सोडून देतो. तिकडे तेलंगणात तेच राज्यपुष्प आहे, आणि ऐन शरदात, नवरात्राच्या सुमाराला येणाऱ्या बतुकम्माच्या सणात त्याची फुलं रचली जातात. तंगेडू म्हणतात तिथे त्याला. एकदा रुजलं की पाणी घालायची गरज जवळजवळ नाही.

आणि गवत. हो, गवत! शरदात दख्खनच्या टेकड्यांना जो रंग येतो, तो झाडांच्या पानांचा नसतो, गवताचा असतो. आधी हिरवा, मग तांबूस, मग सोनेरी. कुसळी, पवना, मारवेल ही सगळी बहुवर्षायू गवतं. बागेच्या उन्हाच्या कडेला पवन्याचे किंवा मारवेलचे चार ठोंब लावले, तर संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ते असे पेटल्यासारखे दिसतात की दुसऱ्या फुलाची आठवण होत नाही. कुसळी दिसायला सुंदर, पण तिची कुसळं कपड्यांत आणि कुत्र्यांच्या केसांत घुसतात, म्हणून वाटेपासून लांब. बी धरल्यावर मुनिया येतात. गवत कापायची घाई करू नका, पक्ष्यांचं आटोपू द्या. मात्र पूर्ण वाळलं की उन्हाळ्याआधी कापून टाका, कारण ते पेट घेतं.

एक गोष्ट लावू नये त्याबद्दलही. केशरी कॉसमॉस. पुण्याच्या आसपासच्या टेकड्यांवर आणि रस्त्यांच्या कडेला सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तो सगळीकडे पसरलेला दिसतो, लोक तिथे फोटो काढतात. तो मुळचा मेक्सिकोकडचा. त्याचं बी वाऱ्या-पाण्याबरोबर बागेबाहेर जातं आणि सोनकी, तेरडा, गवत यांची जागा खातं. घाणेरीचंही तेच. रंग हवा म्हणून टेकडी द्यायची का, हा प्रश्न प्रत्येकानं स्वतःला विचारावा. आमचं उत्तर ठाम 'नाही' असं आहे.

आता जागेचा मुद्दा, आणि तो नीट ऐका, कारण फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचा निम्मा घोळ इथे होतो. झाडं लावायचा उत्साह येतो मे-जूनमध्ये. तेव्हा आपण बघतो की बाल्कनीत ऊन कुठे येतं, आणि त्याप्रमाणे कुंड्या मांडतो. पण पुण्यात मेच्या मध्यावर शून्य सावलीचा दिवस येतो, दुसरा जुलैच्या अखेरीस. या दोन दिवसांच्या मध्ये दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो. त्या काळात उत्तरेच्या बाल्कनीत ऊन येतं आणि दक्षिणेच्या बाल्कनीत दुपारी जवळजवळ येतच नाही. ऑक्टोबरमध्ये सगळं उलटं होतं. सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, दक्षिणेच्या बाल्कनीत ऊन आतपर्यंत शिरतं आणि उत्तरेची बाल्कनी सावलीत जाते. म्हणजे मेमध्ये ऊन बघून उत्तरेला ठेवलेली शेवंती ऐन कळ्यांच्या वेळी सावलीत सापडते. शरदाच्या कुंड्या दक्षिणेला किंवा पूर्वेला. पश्चिमेचं ऑक्टोबरचं ऊन कुंडी तापवतं, तिथे कोरांटीसारखं सोसणारं झाड ठेवा. आणि शेजारची नवी इमारत कुठे आहे तेही बघा, तिची सावली ऑगस्टपेक्षा नोव्हेंबरमध्ये खूप लांब पडते.

पाण्याचं एकच सांगतो. पावसाळाभर पाणी घालायची सवय सुटलेली असते. हस्ताचा पाऊस संपतो, आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि तेवढ्यात कुंड्या वाळतात. जमिनीतल्या झाडांना खालची ओल मिळते, कुंडीतल्यांना नाही. पाऊस थांबला की तिसऱ्या दिवशी मातीत बोट घालून बघा आणि वरून वाळलेल्या पाल्याचा दोन बोटं थर द्या.

रंगांच्या जुळणीवर भलीमोठी पुस्तकं आहेत, आमचं मत साधं आहे. प्रत्येक रंगाचं एकेक झाड आणलं तर बाग दुकानासारखी दिसते. जांभळी कोरांटी आणि तिच्या पुढ्यात पिवळी शेवंती, एवढी एकच जोडी, पण प्रत्येकी सहा-सात झाडं. लांबूनही नजर तिथे थांबते.

मघाशी न्यू जर्सीहून एका ताईंनी लिहून विचारलं, तिथे काय लावावं? तुम्ही भाग्यवान आहात. जांभळा न्यू इंग्लंड अॅस्टर आणि पिवळा गोल्डन रॉड ही दोन्ही तिथली रानफुलं, दोन्ही बहुवर्षायू, आणि शरदात शेजारी शेजारी फुलतात. गोल्डन रॉडमुळे शिंका येतात असं तिथले शेजारी सांगतील, पण तो आळ खोटा आहे. त्याचे परागकण जड असतात, कीटकांच्या अंगाला चिकटून जातात. शिंका येतात त्या त्याच वेळी फुलणाऱ्या रॅगवीडच्या, वाऱ्यावर उडणाऱ्या परागकणांमुळे. आपल्याकडेही फुलवाल्यांच्या गुच्छात पिवळ्या तुऱ्यांचा गोल्डन रॉड असतो, तो इथल्या शेतातलाच. आपल्या नर्सरीत 'अॅस्टर' म्हणून जे मिळतं ते मात्र वेगळं, चिनी अॅस्टर, ते हंगामी आहे. नावावर जाऊ नका, विक्रेत्याला विचारा की हे दुसऱ्या वर्षी परत येतं का.

शेवटचा प्रश्न माव्याचा. शेवंतीच्या कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा येतो, बहुतेक कळ्या धरताना. पहिल्या दिवशी दिसला तर बोटानं पुसून काढा आणि पाण्याचा जोरदार फवारा मारा, तोही सकाळी, म्हणजे पानं दुपारपर्यंत वाळतात. जास्त असेल तर निंबोळी अर्क साबणाच्या थोड्या पाण्यात मिसळून, ऊन उतरल्यावर. लेडीबर्डच्या ढालकिड्या दिसल्या तर काहीच मारू नका, त्या आपलं काम करतात. आणि ज्यांना झिप्रीच्या काश्या हव्या आहेत त्यांनी आत्ता नाही, एप्रिलमध्ये विचारा. आमच्याकडे दरवर्षी लागतात त्यापेक्षा खूप जास्त निघतात. येताना ओलं गोणपाट आणि पिशवी तेवढी घेऊन या.